सुकटवालीची तीन नाणी

हवालदार हरेश्वर नाखवा नाणी वेचताना मेला, असं आमच्या पलटणीतले काही जण अजून सांगतात. त्या दिवशी मी तिथे होतो. तो नाणी वेचत नव्हता. तो काय करत होता ते मला लिहून ठेवायचं आहे, कारण लवकरच ठाण्यात त्याच्या नाण्यांचं प्रदर्शन भरतंय आणि त्याच्या फोटोखाली पुन्हा तीच थाप लागणार होती. त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, ही थाप कोळीवाड्यात इतकी वर्षं ऐकून घेतली आहे. आता ती छापून भिंतीवर यावी हे मला सहन होणारं नाही.

मी सुभेदार साळवे, निवृत्त. राहायला टिटवाळ्याला. नाण्यांतलं मला फारसं कळत नाही. जे काही कळतं ते हरेश्वरने माझं डोकं खाऊन शिकवलेलं आहे.

आमची कंपनी शांतिसेनेत आफ्रिकेत गेली तेव्हा आम्ही दोघेही हवालदार होतो. मी प्लाटून हवालदार, तो तीन नंबर सेक्शनचा, म्हणजे दहाएक जवानांचा, कमांडर. देशाचं नाव लिहीत नाही. पोस्ट एका टेकाडावर होती. खाली मोठं तळं, तळ्याच्या काठाने माणूस बुडेल एवढं गवत, आणि तळ्यापलीकडे शेजारचा देश. सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज, मग पीटी, हत्यारांची सफाई. आठच्या सुमारास पेट्रोल, म्हणजे गस्त, निघायचं, एकला लंगरमध्ये जेवण, संध्याकाळी रोल कॉल. पांढऱ्या गाड्यांतून गावोगाव फिरायचं आणि लोकांना दिसत राहायचं, एवढंच रोजचं काम. ऐकायला सोपं वाटतं. शेजारच्या देशात दडून बसलेल्या टोळ्या मधूनच तळं ओलांडायच्या आणि गावं जाळून परत जायच्या. त्यापायी सरकारने आदल्या वर्षीच सीमा बंद केली होती. होड्यासुद्धा चालत नव्हत्या.

हरेश्वर ठाण्याच्या कोळीवाड्यातला. त्याचे वडील खाडीत मासेमारी करायचे. पुलावरून गाडी जाताना लोक खाडीत नाणं टाकून हात जोडतात, ती नाणी ओहोटीला चिखलात सापडतात. लहानपणी हा ती शोधायचा. एकदा त्याच्या पायाला मधोमध भोक असलेलं नाणं लागलं. ते कुठल्या देशाचं हे शोधता शोधता जो नाद लागला तो सुटला नाही. भरती झाला तेव्हा त्याच्या ट्रंकेत साबणापेक्षा नाणी जास्त होती, त्यावरून ट्रेनिंगच्या उस्तादाने त्याला ग्राउंडला किती फेऱ्या मारायला लावल्या ते तो कौतुकाने सांगायचा.

नुसतं नाणं मिळून त्याचं समाधान व्हायचं नाही. ते पाडलं कुठे हे कळलं पाहिजे. मला धरून बसवायचा.

"साळव्या, हा रुपया कुठला?"

"आपला."

"पाडला कुठे?"

"मला काय माहीत? जेवू दे."

"वर्षाखाली बघ. चौकटीचा आकार म्हणजे मुंबई. चांदणी म्हणजे हैदराबाद. गोल ठिपका असेल तर नोएडा. काहीच नसलं तर कोलकाता. आता हा दुसरा बघ."

दुसऱ्या रुपयावर वर्षाखाली बारीक एच होता. तो आपलाच रुपया, सिंह आपलेच, पण पाडलेला बर्मिंगहॅमला. आपल्याकडच्या टांकसाळी पुऱ्या पडेनात तेव्हा बाहेरून पाडून आणलेला. हे ऐकून मी पहिल्यांदा चाट पडलो, हे कबूल केलं पाहिजे. पगारातला रुपया इंग्लंडहून आला असेल असं माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

शांतिसेनेत त्याची चंगळ झाली. नेपाळी, बांगलादेशी, घानाचे, उरुग्वेचे जवान. रेशन घ्यायला बेसवर गेलो की हा प्रत्येकाच्या खिशाकडे बघायचा. आपल्या लोणच्याच्या बरणीवर उरुग्वेची चार नाणी मिळवायचा. बांगलादेशाच्या एका हवालदाराशी त्याची विशेष गट्टी जमली. त्याने हरेश्वरला सांगितलं की आमच्या देशात टांकसाळच नाही, सगळी नाणी बाहेर पाडून येतात. हरेश्वरला त्या रात्री झोप लागली नसेल.

त्याच हवालदाराने त्याला आणखी एक खबर दिली होती. तळ्यापलीकडच्या देशाने या वर्षी नवं नाणं काढलंय, चित्र जुनंच, पण पाडलंय दुसऱ्या टांकसाळीत, त्यामुळे कड वेगळी आहे. जुन्याची कड सपाट, नव्याच्या कडेला दाते. हरेश्वर आठवडेच्या आठवडे त्या नाण्याच्या मागे लागला. प्रत्येक देशाच्या कंटिंजंटला विचारून झालं. कुणाकडेच नव्हतं. असणार कसं, सीमा बंद. आमच्या बाजूला बाजार चालायचा तो मळक्या नोटांवर. काठच्या गावांत पलीकडची जुनी नाणी अधूनमधून दिसायची, झिजून गुळगुळीत झालेली.

त्या काठच्या गावांपैकी एका गावात सुकट विकणारी एक म्हातारी बसायची. तळ्यातली बोटभर मासळी चटईवर वाळवून पाटीत घालून आणायची. हरेश्वर तिचं गिऱ्हाईक. कोळ्याच्या पोराला परदेशात सुकटीचा वास आला म्हणजे काय होतं ते आम्ही बघितलंय. तिच्याशी बोलून बोलून त्याला तिथली भाषा आमच्यात सगळ्यांत जास्त यायला लागली होती. आपली बायकोही मासे विकते हे त्याने हातवारे करून तिला सांगितलं, तेव्हा ती म्हातारी हसून हसून खोकायला लागली. मग ती त्याच्यासाठी नाणी बाजूला काढून ठेवू लागली.

त्या दिवशी सकाळचं पेट्रोल हरेश्वरच्या सेक्शनचं होतं. गावात चक्कर मारून ते वेळेवर परत आले. रिपोर्ट नेहमीचा: सब ठीक है. मी पोस्टवर होतो. हा गाडीतून उतरला तो लग्नघरातल्यासारखा चेहरा घेऊन.

लंगरमध्ये माझ्यासमोर बसला आणि ताटाच्या कडेला तीन नाणी मांडली. लखलखीत.

"कड बघ," म्हणाला.

मी बघितली. दाते होते.

"मिळालं म्हण की एकदाचं. कुणी दिलं?"

"सुकटवालीने. तीन-तीन! तिची चैनच आहे आज. पहाटे कुणीतरी येऊन तिची सगळी सुकट घेऊन गेले. तीन पाट्या. भावसुद्धा केला नाही. त्यांनीच दिलेली ही नाणी."

हे सगळं तो हसत हसत सांगत होता. भिंगाने नाण्यावरचं वर्ष बघत होता. मग त्याचा हात थांबला. घास तोंडात तसाच राहिला.

"साळव्या, हे या वर्षाचं आहे."

"मग?"

"सीमा गेल्या वर्षी बंद झाली."

मला अजून उजेड पडला नव्हता. तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता.

"आमच्या घरात वाटीभर सुकटीत दोन वेळा भागतं. तीन पाट्या कोण घेतं रे? आणि भाव न करता?"

ताट तसंच टाकून तो उठला. तेव्हा मला उजेड पडला: पहाटे टोळी तळं ओलांडून आली होती. मी त्याच्या मागे.

कंपनी कमांडर मेजरसाहेब पंजाबचे होते, बोलायला तुटक, पण माणूस ऐकून घेणारा. त्यांनी तिन्ही नाणी हातात घेतली, वर्ष बघितलं, मॅपवर गाव बघितलं.

"नाखवा, ये सुबह से तुम्हारी जेब में थे?"

"जी, साब. मैं नाणाच देखता रहा. गलती मेरी है, साब."

घाईत त्याच्या हिंदीत मराठी शिरलं होतं. साहेबांनी नाणी त्याच्या हातात परत ठेवली.

"गलती बाद में. दो ट्रक, दो सेक्शन. पूरा गाँव ऊपर लाओ. तुम उस बुढ़िया से पूछो कितने थे, किधर गए. अभी."

पुढच्या काही मिनिटांत आम्ही निघालो. रस्त्यात हरेश्वर नाणी मुठीत घट्ट धरून बसला होता. मी म्हटलं, "वेळेत आहोत रे." त्याने मान हलवली. त्याचा चेहरा मला आवडला नाही.

गावातून पोस्टकडे यायला दोन वाटा. एक तळ्याच्या काठाने, सपाट आणि जवळची, दोन्ही बाजूंना ते गवत. दुसरी टेकडीवरून, लांबची, चिखलाची, ट्रक रुतायची भीती. आम्ही टेकडीच्या बाजूने तपासत गावात उतरलो. परतताना काठाची वाट धरायची असं ठरलं होतं, कारण दोन खेपा कराव्या लागणार होत्या आणि दिवस कलायला लागला होता.

गावकऱ्यांना ट्रकमध्ये चढवणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. कुणाला शेळी घ्यायची असते, कुणाला दार लावायचं असतं. एक बाई चूल विझवायला परत गेली. मी आवाज चढवला, हात धरून ओढलं, शिव्याही दिल्या, त्या त्यांना कळल्या नाहीत हे बरं. तिकडे हरेश्वर एका जवानाला घेऊन बाजाराकडे पळत गेला होता. बाजार गावाच्या दुसऱ्या टोकाला, तळ्याच्या बाजूला.

दोन्ही ट्रक बायका-पोरांनी भरले. पहिल्या ट्रकच्या ड्रायव्हरने काठाच्या वाटेकडे तोंड केलं. तेवढ्यात वायरलेस सेटवर हरेश्वरचा आवाज आला. तो थ्री, मी टू, पोस्टवरचे मेजरसाहेब वन.

"थ्री फॉर वन. ओव्हर."

"वन. बोलो. ओव्हर."

"चालीस से ऊपर हैं. हथियार हैं. सुबह तालाब के रास्ते घास में गए, वापस नहीं निकले. तालाब का रास्ता मत लेना. ऊपर से जाओ. ओव्हर."

"रॉजर. ऊपर से. थ्री, तुम वापस आओ. ओव्हर."

"बुढ़िया को लेके आता हूँ. आउट."

सेटवरचं त्याचं शेवटचं बोलणं तेच.

मी ट्रक फिरवायला लावले. ते टेकडीच्या चिखलात चढू लागले, एकदा रुतले, जवानांनी खांदे लावले, पुन्हा निघाले. गवतात बसलेल्यांना बहुधा तेव्हा कळलं की आपली शिकार दुसरीकडून चालली. ते उठले आणि गावावर फायर सुरू झाला. पहिला फायर बाजाराकडून ऐकू आला.

"टू फॉर थ्री. रिपोर्ट. ओव्हर."

उत्तर नाही.

"टू फॉर थ्री. हरेश्वर, बोल."

सेटवर नाव घ्यायचं नसतं. मी घेतलं.

उरलेलं सेक्शन घेऊन मी बाजाराकडे गेलो. मधल्या मोकळ्या जागेत माझ्या मांडीला गोळी लागली. पडलो. पडल्या जागेवरून मला ते दोघे दिसत होते. म्हातारी कुशीवर, हरेश्वर तिच्या पुढ्यात आडवा. त्याच्याबरोबरचा जवान एका भिंतीमागून फायर देत होता, रडत होता आणि फायर देत होता. त्याने नंतर सांगितलं की म्हातारीने आधी काही ऐकलं नाही. हरेश्वरने तिच्यासमोर ती नाणी धरली, हे देणारे किती होते, कुठे गेले, असं पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा तिला त्याच्या तोंडावरून कळलं आणि ती सांगू लागली. सेटवर कळवून झाल्यावर तिला उठवायला त्याने हात दिला. तिला नीट चालता येत नव्हतं. तिला धरून तो निघाला तेव्हा दोघांना लागलं. नाणी त्याच्या मुठीतून चिखलात पडली.

मेजरसाहेब दुसरी तुकडी घेऊन आले तेव्हा टोळी गवतात परत शिरली होती. उरलेलं गाव त्यांनी दुसऱ्या खेपेत वर नेलं. त्या तुकडीतल्या पोरांनी जे बघितलं ते असं: हवालदार पालथा पडलाय, हात पुढे, आणि हाताजवळ तीन नवीकोरी नाणी. हरेश्वरचा नाद सगळ्या कंपनीला माहीत. झालं. मी हॉस्पिटलमध्ये पाय बांधून पडलो होतो, माझ्या आधी त्यातलाच एक जण सुट्टीवर गावी गेला, आणि गोष्ट माझ्या आधी ठाण्याला पोचली.

मी जेव्हा कुबडी घेऊन कोळीवाड्यात गेलो तेव्हा वहिनींना सांगितलं, की तो लोकांना बाहेर काढताना गेला. त्या "बरं" म्हणाल्या. चहा दिला. दोस्त आहे, चांगलंच बोलणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. नाण्यांची पेटी त्यांनी माळ्यावर टाकली होती. बाजारात मासे विकायला बसल्यावर शेजारच्या बायका हळहळायच्या, "नाण्यांच्या नादापायी गेला बिचारा." सरकारी पत्रात ड्यूटीवर असताना वीरगती एवढंच होतं. वहिनींनी त्यानंतर कुणालाही काही विचारलं नाही, मलासुद्धा.

यंदा नाणेसंग्राहकांच्या एका मंडळाला या संग्रहाचा पत्ता लागला. डोंबिवलीचे करंदीकर म्हणून एक निवृत्त गृहस्थ ते काम बघतात. माणूस सज्जन. त्यांनी पेटी माळ्यावरून उतरवली, प्रत्येक नाणं पुसलं, कुठल्या टांकसाळीचं ते ताडून बघितलं, हरेश्वरचं एकही चुकलं नव्हतं म्हणाले. आणि मग वहिनींना फोटोखालचा मजकूर वाचून दाखवला: नाण्यांच्या ध्यासापायी प्राण देणारा जवान. वहिनींनी मला फोन लावला.

"भाऊजी, या. आज मना काय ता सगला सांगा."

दुपारी मी त्यांच्या घरी पोचलो. करंदीकरही होते. वहिनी बाजारातून नुकत्याच आलेल्या, पाटी दाराशी धुवून उपडी घातलेली. मी वर लिहिलं ते सगळं सांगितलं. सकाळपासून नाणी त्याच्या खिशात होती हेही सांगितलं. लंगरमध्ये तो कसा हसत होता तेही. नाणी म्हातारीला दाखवायला हातात घेतली होती, इथे मी आलो तेव्हा वहिनींनी पदर तोंडाला लावला. मलाही रडू आलं. वय झालं की आवरत नाही.

पदर खाली घेऊन त्या बोलल्या.

"ती नानी नसती तर ट्रक तलावाच्या वाटंनी गेला असता?"

"गावात ट्रक गेलाच नसता, वहिनी. टोळी गावात शिरली असती."

"आनि यांना सकालीच कलला असता तर?"

मी दाराशी उपड्या घातलेल्या पाटीकडे बघू लागलो.

"बोला ना, भाऊजी."

"तर सगळे दुपारच्या आत वर आले असते. तोही."

करंदीकर घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, मजकूर मी बदलतोच. लोकांना वाचवताना हुतात्मा, असं लिहू. ते सकाळचं मात्र राहू दे. लोक उगाच चुकीचा अर्थ काढतील."

"लोका इतकी वरसा काय काढतान?" वहिनी म्हणाल्या. "यांनी सोता सायबाला सांगितला ना, गलती माझी? मंग आपून कनाला लपवाचा? दोन्ही लिवा."

करंदीकरांनी मान डोलावली आणि लिहायला घेतलं. वहिनी उठून आत गेल्या, पाणी पिऊन आल्या, पुन्हा बसल्या. मला वाटलं झालं.

"भाऊजी, ती सुकटवाली. तिचा नाव काय व्हता?"

मला सांगता आलं नाही. आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं. आम्ही सगळे तिला म्हातारी म्हणायचो, मेजरसाहेबांच्या रिपोर्टमध्येही एक वृद्ध स्त्री एवढंच होतं.

"हरेश्वरला माहीत होतं, वहिनी. तो तिला नावाने हाक मारायचा."

वहिनी करंदीकरांकडे वळल्या.

"तिलापन लिवा. यांच्या बाजूला. सुकटवाली, येवराच. मी नाय का, मनापन अर्धा बाजार मासेवालीच बोलतो."

हवालदार हरेश्वर नाखवा, ठाणे कोळीवाडा. आणि तळ्याकाठच्या गावातली सुकटवाली. त्या दिवशी हे दोघे गेले. बाकीचे अंधार पडायच्या आत पोस्टवर पोचले.